मेंडोलिनला पट्टा कुठे बांधायचा, आणि हीलमध्ये स्क्रू मारायच्या आधी काय बघायचं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की मुलीसाठी ए-स्टाइलचं मेंडोलिन घेतलंय, शाळेच्या बँडमध्ये तिला आता उभं राहून वाजवायचंय, खाली टेलपीसपाशी (तारांची खालची टोकं अडकतात तो पत्रा) एक बटण आहे पण वरच्या बाजूला पट्टा अडकवायला काहीच नाही, दुकानवाला म्हणतोय आणा इकडे, नेकच्या हीलमध्ये (नेक म्हणजे वाद्याची मान, आणि ती अंगाला जोडते तिथला जाड भाग म्हणजे हील) स्क्रू मारून देतो पाच मिनिटांत, आणि घरी मोठ्या मुलाच्या गिटारचा पट्टा पडलाय तो चालेल का. मी तारवाद्यांची दुरुस्ती आणि सेटअप बरीच वर्षं करतोय, मेंडोलिनंही भरपूर येतात हातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण हे काम दिसतं चिल्लर पण वाद्य हातातून पडून फुटतं ते बहुतेक वेळा ह्याच चिल्लर कामापायी.

घाईत असाल तर एवढं वाचा: स्क्रू आत्ता मारू देऊ नका. पट्ट्याचं वरचं टोक हेडस्टॉकला, म्हणजे तारा पिळायच्या चाव्या असतात त्या डोक्याला, नाडीने बांधा, फुकटात होतं आणि वाद्याला एकही भोक पडत नाही. आणि खालचं बटण आजच्या आज तपासा, ते तपासल्याशिवाय मुलीला उभं राहून वाजवू देऊ नका.

वरती काही नाही म्हणजे कंपनीने पैसे वाचवले असं बऱ्याच जणांना वाटतं, तर तसं नाहीये. हे थेंबाच्या आकाराचं, कोरीव पोट-पाठ असलेलं ए-स्टाइल मेंडोलिन अमेरिकेत मिशिगनमधल्या कॅलामाझू गावच्या गिब्सनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुजवलं, आणि तेव्हा तिकडे मेंडोलिनचे मोठमोठे वाद्यवृंद होते, सगळे खुर्चीवर बसून समोर नोटेशन ठेवून वाजवणारे. बसलं की मांडी आणि उजवा हात मिळून वाद्य सांभाळतात, पट्ट्याचं फारसं अडत नाही. उभं राहून वाजवणं खरं वाढलं ते पुढे ब्लूग्रास नावाच्या अमेरिकी लोकसंगीतामुळे, त्याचा जनक मानला जाणारा मेंडोलिनवादक बिल मनरो आणि त्याच्या मागून आलेले लोक, एका माइकभोवती अख्खा बँड, ज्याची पाळी त्याने पुढे यायचं, वाजवायचं आणि मागे सरकायचं, तिथे वाद्य अंगाला अडकलेलंच पाहिजे. मनरोचं ते प्रसिद्ध वाद्य म्हणजे गिब्सनचं एफ-५, १९२३ सालचं, त्या प्रकाराला नेकच्या बाजूला वरती लाकडाची एक वळलेली गुंडाळी असते, स्क्रोल म्हणतात, तिच्यात पट्ट्याची नाडी आयतीच बसते. ए-स्टाइलला ती गुंडाळी नाही, एवढाच काय तो घोळ. आणि आपल्याकडे तर मेंडोलिन जवळपास बसूनच वाजलं, संगीतकार सज्जाद हुसेन काय, लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले लक्ष्मीकांत काय, स्टुडिओतली मंडळी, आणि कर्नाटक संगीत वाजवणारे यू. श्रीनिवास तर स्टेजवर मांडी घालून बसायचे. त्यामुळे इथे पट्ट्याबद्दल नीट सांगणारं माणूस दुकानात भेटलं नाही तर नवल नाही, दुकानदाराचाही त्यात फार दोष नाही.

आता पट्टा कशासाठी. वाद्य पडू नये म्हणून हे झालंच, पण माझ्या दृष्टीने त्याहून मोठं कारण डाव्या हाताचं आहे. पट्टा नसला किंवा चुकीचा बांधलेला असला की पोरं नकळत डाव्या तळव्यात नेक धरून ठेवतात, अंगठ्याने दाबून, म्हणजे तो हात एकाच वेळी वाद्य उचलतोय आणि बोटंही चालवतोय. मेंडोलिनची वाजणारी तार जेमतेम ३५ सेंटिमीटरची, पडदे जवळजवळ, आणि तारा दोन-दोनच्या जोडीने दाबायच्या म्हणजे जोर जास्त लागतो, अशात हाताला वजनही दिलं की करंगळी कधी मोकळी होतच नाही. पुढे शिक्षक ओरडत राहतात की मनगट सैल सोड, आणि पोर सोडणार कसं, सोडलं तर वाद्य खाली जातंय ना. म्हणून पट्टा बांधून झाल्यावर पहिली परीक्षा ही घ्या: मुलीला उभं करा, उजवा हात वाजवायच्या जागी ठेवायला सांगा आणि डावा हात पूर्ण सोडायला सांगा. नेक जागच्या जागी राहिली पाहिजे. खाली झुकली किंवा वाद्य तोंडावर पुढे कलंडलं तर पट्टा अजून नीट नाही.

बरं, खालचं बटण. ह्यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

मेंडोलिनच्या खालच्या टोकाला जे बटण असतं ते दोन प्रकारचं. एक म्हणजे लाकडी पिन, बहुतेक एबनीची (काळं कठीण लाकूड) किंवा काळ्या रंगाने रंगवलेली, व्हायोलिनला असते तशी, निमुळती, आणि आतल्या ठोकळ्यात पाडलेल्या निमुळत्या भोकात नुसती दाबून बसवलेली. ना स्क्रू ना गोंद, फक्त घट्ट बसल्यामुळे थांबलेली. दुसरा प्रकार धातूचं किंवा प्लास्टिकचं बटण, मधून स्क्रू. तुमच्याकडे कुठलं आहे ते ओळखायला बटणाच्या तोंडावर बघा, स्क्रूची खाच दिसली तर दुसरा प्रकार. पिकअप (वाद्याचा आवाज स्पीकरकडे पाठवणारं यंत्र) असलेलं असेल तर तिथे जॅक, म्हणजे वायर खुपसायची जागा, असतो आणि तोच बटणाचं काम करतो, तो तिसरा प्रकार धरा, त्याचं तोंड जाड असतं म्हणून पट्ट्याचं भोकही मोठं लागतं.

लाकडी पिन असेल तर बोटाने धरून हलकी फिरवून बघा. फिरली, किंवा ओढल्यावर जराही बाहेर आली, तर ती पट्ट्याचं वजन घ्यायला तयार नाही. पावसाळ्यात लाकूड फुगतं तेव्हा ही पिन घट्ट लागते, आणि मग जानेवारी ते मे हवा कोरडी झाली की तीच पिन सैल, पुण्या-नाशिकाकडे तर हमखास. वर्षभर ठीक होती आणि अचानक कार्यक्रमात सुटली असं लोक सांगतात त्याचं कारण हे. उपाय सोपा आहे, पिन काढून तिला कोरडा खडू नीट चोळायचा आणि थोडी फिरवत आत दाबायची, तेवढ्याने नाही भागलं तर साध्या कागदाचा एक वेढा देऊन बसवायची. फार सैल असेल तर वाद्य बनवणाऱ्याकडून जराशी जाड पिन घडवून घ्यावी, किंवा भोक बुजवून नवीन पाडावं. सतारी-तंबोऱ्याच्या खुंट्या बसवणारा कारागीर, मिरजेकडचा म्हणा किंवा तुमच्या गावातला, हे काम डोळे झाकून करेल, कारण खुंटीसुद्धा अशीच निमुळती असते आणि अशीच भोकात धरून राहते. एक गोष्ट मात्र अजिबात करू नका, पिन सुपरग्लूने चिकटवू नका. उद्या पिकअप बसवायचा झाला किंवा पिन मोडली तर ती ड्रिलने कोरून काढावी लागते आणि आजूबाजूचं लॅकर (वरचं चकचकीत पॉलिश) जातं ते वेगळंच.

स्क्रूवालं बटण असेल तर ते डुगडुगतंय का बघा. नुसता स्क्रू सैल झालाय तर हाताने स्क्रूड्रायव्हर धरून आवळा, मशीनने नाही. आवळल्यावर स्क्रू गोलगोल फिरतच राहिला, पकडच घेत नाहीये, तर भोकाचं लाकूड झिजलंय. तेव्हा स्क्रू काढून भोकात फेविकॉल आणि कठीण लाकडाच्या बारीक काड्या ठासायच्या, एक दिवस वाळू द्यायचं आणि परत बारीक भोक पाडून स्क्रू लावायचा.

पण थांबा, हे सगळं करायच्या आधी एक मोठी सूचना. बऱ्याच मेंडोलिनांत हीच पिन किंवा हाच स्क्रू टेलपीसच्या पत्र्यातून आत गेलेला असतो, म्हणजे टेलपीस धरून ठेवण्यात त्याचाही वाटा असतो, आणि टेलपीसवर आठ तारांची ओढ आहे. मध्यम जाडीच्या तारा चढवलेल्या असतील तर आठांचा मिळून ताण ७५-८० किलोच्या घरात जातो. तारा ताणलेल्या असताना तो स्क्रू काढला तर काय काय होऊ शकतं ते मी सांगत बसत नाही. तारा आधी सगळ्या सैल करायच्या, एकदम एकच बाजू नाही, चारही जोड्या थोड्या थोड्या करत. आणि सैल केल्या की दुसरी गंमत होते, मेंडोलिनची घोडी (तारा जिच्यावरून जातात ती) चिकटवलेली नसते, ती फक्त तारांच्या दाबाने उभी असते, त्यामुळे ती सरकते नाहीतर आडवी होते. म्हणून आधीच तिच्या दोन्ही पायांच्या कडेला कागदी चिकटपट्टीचे तुकडे लावून जागा पक्की करून ठेवा. ते राहून गेलंच तर परत तार लावताना बाराव्या पडद्यावर दाबून येणारा सूर आणि तिथेच हलकं बोट टेकवून येणारा सूर जुळतात का ते बघत घोडी पुढेमागे करावी लागेल, वेळ खातं पण जमतं.

आता वरचं टोक. हेडस्टॉकला बांधायचं म्हणजे नेमकं कुठे, तर नट (नेकच्या वरच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) आणि पहिल्या दोन चाव्या ह्यांच्या मधे जी मोकळी जागा असते तिथे, आणि नाडी तारांच्या खालून गेली पाहिजे. वरून नाही. वरून बांधली की तारा दाबल्या जातात आणि सूर चढतो, पट्टा हलला की सूर हलतो, मग मुलगी बिचारी दर गाण्याला ट्यून करत बसेल. खालून नाडी ओवायला पेन्सिलच्या टोकाने किंवा जाड बोथट सुईने ढकला, तारा सैल करायची गरज नाही. तिथे ट्रस रॉडचं (नेक सरळ ठेवणारी आतली सळी) छोटं झाकण असतं, नाडी त्याच्या अंगावरून गेली तरी चालतं, फक्त झाकणाचा स्क्रू वर आलेला नको. नाडीची दोन्ही टोकं हेडस्टॉकच्या मागे आणायची, पट्ट्याच्या वरच्या भोकातून घ्यायची आणि निरगाठ मारायची. सुरगाठ नको, ओढ आली की सुटते. काही जण नाडीचं कायमचं कडं करून ठेवतात आणि त्याला छोटं प्लास्टिकचं क्लिप लावतात, पट्टा काढायला-घालायला सोपं, मला ते बरं वाटतं, मात्र क्लिप धातूचं नको, हेडस्टॉकवर आपटून चरे पडतात.

नाडी कसली घ्यावी ह्यावर लोकांची बरीच मतं असतात. बुटाची सुती गोल लेस, ३-४ मिलिमीटर जाडीची, हे माझं पहिलं उत्तर. नायलॉनची लेस गुळगुळीत असते, गाठ हळूहळू सैल पडते. चामड्याची मऊ नाडी उत्तम, पण मऊ म्हणजे खरंच मऊ हवी. तबल्याची वादी वापरणारेही पाहिलेत, घरात असते म्हणून, तर ती नका वापरू, ते कच्चं चामडं, वाळल्यावर त्याची कड कडक होते आणि हेडस्टॉकच्या काठाचं पॉलिश खाते. तबल्यावर ती ताण धरते तेच तिचं काम, इथे ताण नाही धरायचाय, इथे नुसतं लटकवायचंय.

हेडस्टॉकला बांधलं तर नेक वाकते का, हे मला प्रत्येक जण विचारतो. नाही वाकत. अख्ख्या ए-स्टाइल मेंडोलिनचं वजन साधारण किलोभर, त्यातलं वरच्या टोकाला येतं ते थोडंसं, आणि ती नेक रात्रंदिवस वर सांगितलेला ७५-८० किलोचा ताण सोसतेय, तिला ह्या नाडीचं काय. ह्या पद्धतीचे खरे तोटे दोन आहेत. एक, पहिल्या पडद्यापाशी वाजवताना पट्टा डाव्या हाताच्या अंगठ्याच्या आसपास येतो, काहींना तो नडतो, काहींना आठवड्यात सवय होते. दुसरा, वाद्य अंगाला जरा जवळ आणि नेक जरा वर अशी बसते, सैल लटकवून वाजवायची हौस असेल तर ते जमत नाही. पण नवशिक्या मुलीसाठी ही नेक वर राहण्याची गोष्ट फायद्याचीच आहे, हात सोडला तरी नेक खाली जात नाही, कारण टोकालाच धरलेली आहे. म्हणून तर मी म्हणतोय की निदान वर्षभर असंच वाजवू दे. तेवढ्यात ती उंचही होईल, हाताची ठेवणही ठरेल, मग हवं तर भोक पाडा.

आणि भोक पाडायचंच झालं तर ते कसं, हेही सांगून ठेवतो, म्हणजे दुकानवाल्याशी बोलताना तुमच्याकडे मुद्दे असतील. हीलमध्ये बटण लावणं ह्यात वाईट काही नाही, चांगल्या चांगल्या वाजवणाऱ्यांच्या वाद्यांना ते असतं. पाच मिनिटांत मारून देतो ह्याला माझा विरोध आहे. मेंडोलिनची हील लहान असते, गिटारच्या हीलच्या मानाने अगदीच चिमुकली, त्यात आत काय आहे ते आधी कळलं पाहिजे. बऱ्याच वाद्यांत नेकचं लाकूड कोरून आतल्या ठोकळ्यात खाचेत बसवून चिकटवलेलं असतं, तिथे स्क्रू धरायला भरपूर लाकूड मिळतं. पण काही वाद्यांत, खास करून स्वस्तातल्या, नेक बोल्टने आवळलेली असते, ड्रिल नेमकं बोल्टवर गेलं तर ड्रिलही जातं आणि बोल्टही. पोटावरच्या एफ-होलमधून (एफ अक्षरासारखं भोक) किंवा गोल भोकातून छोटा आरसा आणि मोबाइलचा टॉर्च घालून आतला ठोकळा बघता येतो, बोल्टचं डोकं दिसलं तर तसा अंदाज घ्यायचा. दुकानवाला हे बघायला तयार नसेल तर वाद्य उचला आणि घरी या.

जागा कुठली? हीलच्या मागच्या बाजूला, म्हणजे वाजवताना पोटाकडे येते तिथे, लावलं तर बटण दिसत नाही, पण वाद्य तोंडावर पुढे कलंडतं, कारण ओढ मागून येते आणि वजन पुढे. मला हीलची बाजू आवडते, बारीक तारांच्या अंगाची, म्हणजे वाद्य धरल्यावर जमिनीकडे येते ती. तिथे पट्टा नेकच्या मागून वळसा घेऊन येतो आणि वाद्याला छातीशी धरतो. मधोमध, हीलच्या कडेपासून शक्य तितकं आत, आणि बारीक तारांचे वरचे पडदे वाजवताना हात तिथे आपटणार नाही इतकं मागे. आधी बटण नुसतं दुहेरी चिकटपट्टीने तिथे लावून मुलीला वरच्या पडद्यांवर हात फिरवून बघायला सांगा, नडलं तर लगेच कळतं.

मग स्क्रू. गिटारच्या बटणाबरोबर येतो तो जाडा स्क्रू मेंडोलिनला नको. साडेतीन मिलिमीटरच्या आसपास जाडीचा, इंचाहून लांब नाही असा पुरतो. नेक मेपलची असेल तर आधी पाडायचं भोक पावणेतीन-तीन मिलिमीटरचं, महोगनीसारख्या मऊ लाकडाला अडीच मिलिमीटर. भोक न पाडता सरळ स्क्रू घुसवला तर हील उभी चिरते आणि ती चीर दुरुस्त करणं हे भोक पाडण्यापेक्षा कितीतरी पट मोठं काम आहे. ड्रिलच्या टोकापासून जितकं खोल जायचं तिथे रंगीत टेप गुंडाळायची म्हणजे जास्त आत जात नाही. लॅकरवर आधी कागदी टेप लावायची आणि ड्रिल सुरुवातीला काही फेरे उलट्या दिशेने फिरवायचं, तेवढ्याने भोकाच्या काठचं लॅकर टवका न उडता सुटं होतं. स्क्रूच्या आट्यांना साबण किंवा मेण चोळायचं, बटणाच्या खाली नमद्याची छोटी चकती घालायची आणि शेवटचे फेरे हातानेच द्यायचे, बटण घट्ट बसलं की थांबायचं. ह्यातलं काहीही पाच मिनिटांत होत नाही, अर्धा-पाऊण तास लागतो आणि तेवढे पैसे कारागिराला द्यायला हरकत नाही.

वाद्य जुनं, किमती, किंवा कुणी हाताने बनवलेलं असेल तर भोक पाडूच नका, विकताना भाव उतरतो. तुमचं तसं दिसत नाही, तरी सांगितलं, इतर कुणी वाचत असेल तर.

एफ-स्टाइलवाल्यांसाठी: नाडी स्क्रोलच्या भोवती अशी घाला की ती स्क्रोलच्या आतल्या फटीत बसेल, आणि नाडी रुंद असेल तर फटीत जबरदस्तीने घुसवू नका, तिथे कडेची पांढरी पट्टी बारीक असते आणि उचकटते. गोल कटोऱ्यासारख्या पाठीचं इटालियन पद्धतीचं मेंडोलिन असेल तर त्याला वर हेडस्टॉकला नाडी, खाली पिन असली तर ठीक, नसली तर बसूनच वाजवा, मांडीवर शॅमॉय चामड्याचा तुकडा ठेवला की घसरत नाही. त्या पाठीच्या पट्ट्या अतिशय पातळ असतात, त्यांत स्क्रू मारायचा विचारही नको. इलेक्ट्रिक, भरीव लाकडाचं असेल तर हा सगळा प्रश्नच नाही, गिटारसारखी दोन बटणं लावा आणि मोकळे व्हा.

आता तुमच्या घरातल्या गिटारच्या पट्ट्याबद्दल. तात्पुरता चालेल, कायमचा नाही. तो पाचेक सेंटिमीटर रुंद असतो, मेंडोलिनच्या किलोभर वजनाला एवढी रुंदी लागत नाही आणि मुलीच्या खांद्यावर तो कानाकडे सरकत राहील. दोन-अडीच सेंटिमीटर पुष्कळ झाली. लांबीही जास्त असते, सगळ्यात आखूड करूनसुद्धा वाद्य पोटाच्या खाली येतं. आणि महत्त्वाचं म्हणजे गिटारच्या पट्ट्याच्या टोकाची खाच गिटारच्या बटणाच्या मापाची, मेंडोलिनची पिन बऱ्याचदा त्याहून बारीक, त्यामुळे पट्टा सहज निसटतो. तोच वापरायचा असेल तर पट्टा पिनेवर चढवल्यावर वरून नळाचा रबरी वायसर दाबून बसवा, घट्ट मापाचा, एक-दोन रुपयांत काम होतं. वायसर पट्ट्याच्या बाहेरच्या बाजूला राहिला पाहिजे, वाद्याच्या लॅकरला टेकता कामा नये.

ते लॅकरचं प्रकरण जरा समजून घ्या. जुन्या आणि महागड्या वाद्यांवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असतं आणि त्याचं रबराशी, व्हिनाइलशी, रेग्झिनशी जमत नाही, त्यातलं मऊ ठेवणारं रसायन लॅकरमध्ये उतरतं आणि तिथे चिकट डाग पडतो, तो पुसून जात नाही. स्वस्त-मध्यम किमतीच्या वाद्यांवर सहसा पॉलीचा (प्लास्टिकसारखा) थर असतो, त्याला एवढं होत नाही, पण तुमच्यावर कुठला आहे ते नुसतं बघून कळत नाही, म्हणून रेग्झिनचा पट्टा टाळलेलाच बरा. सुती विणलेला पट्टा घ्या, किंवा चामड्याचा करून घ्या. कोल्हापुरी चपला बनवणारे कारागीर वनस्पतींनी कमावलेलं चामडं वापरतात, त्यांच्याकडून अडीच सेंटिमीटर रुंद पट्टी, एका टोकाला खाच आणि दुसऱ्या टोकाला नाडीसाठी भोक, एवढं करून घेता येतं, आणि ते वर्षानुवर्षं टिकतं. खाच करताना गोल भोक आणि त्याच्या वरच्या अंगाला छोटी चीर अशी सांगा, म्हणजे पट्टा पिनेवर चढताना ताणतो आणि चढला की मिटतो. मुंबई-कोकणात राहत असाल तर घामाने नव्या रंगीत चामड्याचा रंग कपड्यांना आणि वाद्याच्या कडेला लागतो, नवा पट्टा ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसून बघा, रंग आला तर तो अजून लावू नका. बक्कल मागे, खांद्याच्या वर यायला हवं, वाद्याच्या पाठीवर नाही.

घालायचा कसा, तर दोन पद्धती. गिटारसारखा डोक्यातून घालून डाव्या खांद्यावर आणि उजव्या काखेखालून, ही सुरक्षित. दुसरी ब्लूग्रासवाल्यांत पुष्कळ दिसते, नुसता उजव्या खांद्यावर टाकायचा, डोकं आत नाहीच, ह्यात वाद्य छातीच्या मध्यावर येतं आणि चटकन काढता येतं, पण खांद्यावरून घसरायची भीती, लहान मुलांना मी ही पद्धत देत नाही. उंची अशी ठेवा की नेक तिरकी वर जाईल आणि हेडस्टॉक साधारण खांद्याच्या उंचीला येईल. बसून वाजवताना जिथे वाद्य असतं तिथेच उभं राहिल्यावर राहिलं पाहिजे, नाहीतर घरी बसून केलेला रियाज स्टेजवर उपयोगी पडत नाही, कारण मनगटाचा कोनच बदललेला असतो. खरं तर तिला बसूनसुद्धा पट्टा घालूनच वाजवू दे.

पट्टा आवळून बसवला की मेंडोलिनची पाठ पोटाला पूर्ण चिकटते आणि आवाज थोडा दबतो, कारण पाठही वाजत असते. पट्टा एक-दोन भोकं सैल करून वाद्य जरा तिरकं धरलं की फक्त कड टेकते. पाठीला बसवायची तारेची चौकटही मिळते, टोन-गार्ड म्हणतात, पाठ अंगापासून दूर राहते तिने, पण ती आत्ता लगेच घ्यायची गरज नाही.

केसमध्ये ठेवताना पट्टा काढून ठेवा, निदान बक्कल तरी वाद्याखाली किंवा तारांवर येणार नाही असं बघा, झाकण दाबलं की बक्कल पोटावर उमटतं आणि घोडीवर दाब पडतो. नाडी झिजली, दोरे सुटायला लागले की लगेच बदला, दहा-वीस रुपयांची लेस आहे. मुलीला एक सवय लावा, वाद्य खांद्याला अडकवलं की हात सोडायच्या आधी दोन्ही टोकं एकदा ओढून बघायची, खाली पिन आणि वर गाठ. आणि कार्यक्रमाच्या दिवशी पिशवीत एक जादा लेस आणि एक वायसर टाकून द्या.